ठाण्याची वही गांवाला वाचूं द्या
(एरंडोल तालुक्यांतील सभेंत केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मास्तर. आमच्या हातीं दंडुका नाहीं. आहे तो एक हजेरीपट. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं एक मुलगा त्यांत नेमका गैरहजर असतो. विचारलें तर मान खालीं घालून म्हणतो, "गुर्जी, रातले बाप पीसन उना."

तशीच एक वही पोलीसठाण्यांत असते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खालीं हातभट्टी लावणारा व विकणारा येतो, कलम ८५ खालीं पिऊन रस्त्यांत धिंगाणा घालणारा. प्रत्येक गुन्ह्याला दिवस, वेळ व जागा लिहिलेली असते. एक नोंद म्हणजे एक खटला. पण वर्षाच्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे गुत्ता कोठें आहे तें आपोआप कळतें!

वेल्समध्यें कार्डिफ शहरीं जोनाथन शेफर्ड नांवाच्या शस्त्रवैद्यानें १९९० च्या दशकांत असेंच केलें. दवाखान्यांत आलेल्या जखमींना विचारलें, मार कोठें, केव्हां, कशानें बसला? नांवें वगळून तें पोलिसांना कळविलें. पुष्कळ मारामाऱ्या पोलिसांच्या दप्तरीं नव्हत्याच! मग त्याच जागीं, त्याच वेळीं बंदोबस्त केला. जखमी होऊन दाखल होणारे कमी झाले, असें २०११ सालीं छापलेला अभ्यास सांगतो.

म्हणून ठाण्याची वही वाचा, पण ती पुरी समजूं नका. घरांत मार खाणारी बाई तिच्यांत सहसा येत नाहीं. पिऊन पडलेला मजूर सांपडणें सोपें, भट्टीचा धनी सांपडणें कठीण. तेव्हां आंकड्यांवरून कोणत्याही जातीला दारुडी ठरवूं नका. जागा पाहा, जात पाहूं नका!

१८८० सालीं जोतीराव फुल्यांनीं पुणें म्युनिसिपालटीचे सभासद असतां दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी आवाज उठविला. आपणही लेखीच मागूं या. दुकान परवान्याचें असेल तर २००८ च्या सरकारी हुकुमाप्रमाणें स्त्रियांना मतदान मागतां येतें. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं आडव्या बाटलीला मत दिलें कीं तें बंद. पण चोरट्या भट्टीला मतपेटी कोठली? तिच्यासाठीं दर तीन महिन्यांनीं ठाण्यानें व सरकारी दवाखान्यानें नांवें वगळून जागा व वेळेचा तक्ता ग्रामसभेंत वाचावा. शाळेच्या गैरहजेरीचा तक्ता आम्ही देऊं.

अर्ज लिहून आणला आहे. सही येत असेल त्यानें सही करावी, नसेल त्यानें अंगठा करावा. पहिली सही आमची आहे.