रिकाम्या आळ्याचे ऋण



घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या पूर्व उपनगरांतील रस्त्यांवर २०१०नंतरच्या दशकात एक विषण्ण करणारे दृश्य वारंवार दिसले. जे पर्जन्यवृक्ष वर्षानुवर्षे रस्त्यावर सावली धरून उभे होते, त्यांच्या जागी भर पावसाळ्यात निष्पर्ण सांगाडे उरले. प्रथम लोकांना वाटले, पानगळ असावी. पुढच्या ऋतूतही पालवी फुटली नाही, तेव्हा वृक्ष मेल्याचे ध्यानात आले.

या वृक्षांवर आलेल्या किडीचे नाव पिठ्या ढेकूण. द्राक्ष, पपई, सीताफळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा शत्रू चांगला परिचित आहे. कापसासारखे पांढरे आवरण अंगावर घेऊन हा कीटक कोवळ्या फांद्यांतील रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव सोडतो. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते. त्याच्या लोभाने मुंग्या येतात आणि किडीचे रक्षण करीत तिला नव्या फांदीवर नेतात. झाडाखाली उभ्या केलेल्या गाड्या चिकट होऊ लागल्या, की तो वृक्षाचा पहिला आक्रोश समजावा. त्या वेळी कीडग्रस्त फांद्या छाटल्या, निंबोळी अर्काची फवारणी केली, ही कीड खाणारे भुंगेरे सोडले, तर वृक्ष वाचण्याची आशा असते. आपल्याकडे मात्र तक्रार होते ती गाडी खराब झाल्याची, आणि वृक्षाकडे लक्ष जाते ते तो वाळल्यावर.

परंतु केवळ किडीला दोष देऊन भागणार नाही. सशक्त वृक्ष कीड पुष्कळ काळ सोसतो. दुबळा वृक्ष लवकर हार मानतो. हे दुबळेपण आपण त्याला दिलेले आहे. बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतायचे, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, केबलसाठी चर खणताना मुळे तोडायची, फलकांसाठी खोडात खिळे ठोकायचे आणि पावसाळ्यापूर्वी एकाच बाजूच्या फांद्या उडवून तोल बिघडवायचा! मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीसंबंधी आदेश देताना झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले, ते याच कारणाने.

हे ज्ञान आपल्या परंपरेला नवे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. पाने फिकट पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे, रस पाझरणे ही रोगलक्षणे तो सांगतो. रोगट भाग शस्त्राने काढून वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप देण्याचा उपचार सांगतो. दोन वृक्षांत वीस हात अंतर उत्तम, बारा हात हे किमान, असेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे उपचार आज जसेच्या तसे चालतील असे नाही. परंतु वृक्षालाही वैद्य लागतो, हा विचार ज्या समाजाने चौदाशे वर्षांपूर्वी शास्त्रात गुंफला, त्या समाजाच्या शहरात वृक्षाकडे फक्त करवतवाला यावा, ही शोकांतिका आहे.

आता अवघड प्रश्न. उपचाराच्या पलीकडे गेलेल्या वृक्षाचे काय करायचे? येथे दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक पक्ष म्हणतो, झाडाला हातच लावू नका. दुसरा पक्ष ‘रोगट’ या शब्दाची सोयीस्कर वाट पाहत असतो. दुकानाची पाटी झाकणारे, पार्किंगला आड येणारे कोणतेही झाड त्याला रोगटच दिसते. दर पावसाळ्यात मुंबईत झाडे आणि फांद्या कोसळून माणसे दगावतात. आतून पोकळ झालेला, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवलेला वृक्ष शाळेच्या वाटेवर तसाच ठेवणे हे वृक्षप्रेम नव्हे. आणि खोट्या दाखल्यावर जिवंत वृक्ष पाडणे हा विकास नव्हे.

या दोहोंमधील वाट रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या या ग्रंथात शिवकालीन राज्यनीतीचे सार आहे. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेली असतात, असे ते बजावते. आणि पुढे अपवादही सांगते: झाड अगदी जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, जबरदस्ती करू नये. म्हणजे तोडणे निषिद्ध नाही. मात्र त्याला तीन अटी आहेत: वृक्ष खरोखरच जीर्ण असावा, संबंधितांची संमती असावी आणि मोल चुकते व्हावे.

रस्त्यावरील वृक्षाचा धनी कोण? त्याच्या सावलीत चालणारा प्रत्येक नागरिक. त्याची संमती म्हणजे महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने सांगितलेली तपासणी, झाडावर लावलेली सूचना आणि हरकत घेण्याची संधी. ती सूचना आपण थांबून वाचतो का? आणि मोल म्हणजे पैसे नव्हेत. मोल म्हणजे दुसरा वृक्ष. २०२१च्या दुरुस्तीने तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व कायद्यात आणले.

हे मोल चुकते होते का, हाच खरा प्रश्न आहे. मेलेले झाड जमिनीलगत कापले जाते, बुंधा तसाच राहतो आणि काही दिवसांत त्यावर फरशी बसते. आळेच उरत नाही, तर नवे झाड लागणार कोठे? महानगरपालिकेच्या २०१८च्या गणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे होती. त्यांपैकी रस्त्याकडेची अवघी १ लाख ८५ हजारांच्या आसपास. रस्त्यावरचे एकेक आळे म्हणूनच मोलाचे. कोठेतरी दूरच्या टेकडीवर लावलेल्या शंभर रोपांनी मुलुंडच्या पदपथावर भाजी घेऊन चालणाऱ्या आजींना सावली मिळत नाही.

नवे झाड निवडताना विवेक हवा. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडून आला, म्हणून त्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. त्याने पिढ्यान्पिढ्या या भूमीची सेवा केली. चूक एकाच जातीच्या रांगा लावण्यात होती. १९७०च्या दशकात ब्रिटनमधील कोट्यवधी एल्म वृक्ष एका बुरशीने नष्ट केले. त्यानंतर १९९० साली अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी, शहरात एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, असा दंडक मांडला. आपल्याकडे करंज, ताम्हण, बकुळ, बहावा, कडुनिंब, पुत्रंजीव अशी देशी संपदा असताना विविधतेची वाण कशाला? वड-पिंपळ मात्र मैदानात, मंदिराच्या प्रांगणात लावावेत. अरुंद पदपथावर ते लावणे म्हणजे पुढे त्यांच्यावर कुऱ्हाडच ओढवून घेणे.

आणि लावणे हा केवळ आरंभ आहे. जूनमध्ये छायाचित्र काढून निघून गेलेल्यांची रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळतात. पहिली तीन वर्षे ऑक्टोबर ते मे पाणी, बांबूचा आधार, आणि खोड वाढल्यावर गळ्यात रुतणारा लोखंडी पिंजरा वेळीच काढणे, एवढीच ही साधना आहे. यासाठी निधी लागत नाही, नेम लागतो. प्रत्येक शाखेने, महिला मंडळाने, गृहनिर्माण संस्थेने आपल्या गल्लीतील एका रिकाम्या आळ्याचे पालकत्व घ्यावे. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणून पूजण्यापेक्षा जिवंत वडापाशी जावे, आणि त्याच दिवशी त्या आळ्यात एक रोप लावावे.

वृक्ष कधीतरी मरणारच. वडील माणूस गेल्यावर घर बंद होत नाही. त्याच्या जागी मुलगा उभा राहतो. आपल्या रस्त्यावर असा वारस उभा आहे की त्या जागी फरशी बसली आहे, हे आज घरी परतताना प्रत्येकाने पाहून घ्यावे. फरशी दिसली, तर ते ऋण आपल्या नावावर आहे.