उन्हाची वाटणी

(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



मराठवाड्यातील माणसाला ऊन नवे नाही. चैत्र सरला की पारा चाळिशीकडे झेपावतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत दिवस कसेबसे ढकलावे लागतात, हे येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे उन्हाळा ही निसर्गाची करणी असून ती सोसण्यावाचून इलाज नाही, अशी एक समजूत आपल्या अंगी मुरली आहे. वृत्तपत्रे दरवर्षी तापमानाचे आकडे छापतात आणि डोक्याला रुमाल बांधावा, पन्हे प्यावे, बारा ते चार घराबाहेर पडू नये, असा सल्ला देतात. सल्ला चुकीचा नाही. प्रश्न एवढाच की, ज्याची मजुरीच बारा ते चारच्या उन्हात ठरलेली आहे, त्याने हा सल्ला पाळायचा कसा?

ऊन सर्वांवर सारखे पडते हे अर्धसत्य आहे. सूर्य भेदभाव करीत नाही. परंतु उन्हापासून बचाव करणारी साधने समाजात वाटली जातात आणि ही वाटणी मालमत्तेच्या, जातीच्या व स्त्रीपुरुषभेदाच्या जुन्याच रेषांवरून होते. म्हणून उन्हाळ्याचा विचार हवामानशास्त्राइतकाच अर्थशास्त्राच्या आणि राजकारणाच्या कक्षेतला आहे.

प्रथम शरीराचा साधा हिशेब पाहू. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. घाम येण्यासाठी पाणी व क्षार लागतात. तो वाळण्यासाठी खेळती हवा लागते. कष्टाचे काम करणाऱ्याच्या शरीरात स्नायूंची उष्णताही निर्माण होत असते; म्हणून त्याला मधून मधून विसावा लागतो. दिवसभर तापलेले शरीर पूर्ववत होण्यासाठी गार रात्र लागते. हे काही मिळाले नाही आणि शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले की माणूस भ्रमिष्ट होतो, कोसळतो व वेळीच उपचार न झाल्यास दगावतो. यालाच उष्माघात म्हणतात. थोडक्यात, उन्हाळ्यात जगण्यासाठी चार गोष्टी हव्यात : पाणी, सावली, विसावा आणि गार रात्र. या चारही गोष्टी आपल्या शहरात कोणाच्या वाट्याला येतात, हे तपासले म्हणजे उष्णतेचे राजकारण उघड होते.

पाण्यापासून आरंभ करू. १६१० साली मलिक अंबरने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसविले, तेच हे शहर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने उत्तरेच्या डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. नहर-ए-अंबरी म्हणून ती योजना प्रसिद्ध आहे. तिच्यामागून आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीच्या आवारात आजही पाहावयास मिळते की, हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते दालन ऐन वैशाखातही थंड राहते, आणि ते बांधले गेले होते दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. ती राजवट सरंजामी होती; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि, गारवा ही सार्वजनिक वस्तू असू शकते, ही जाणीव त्या सरंजामी काळातही होती, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

लोकशाहीच्या काळात पैठणला जायकवाडी धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण केले गेले. शंभर अब्ज घनफुटांहून अधिक साठवणक्षमतेचा नाथसागर शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असताना २०२२ च्या उन्हाळ्यात शहरातील अनेक वस्त्यांना आठवड्यातून एकदा पाणी मिळत होते. हा निसर्गाचा कोप म्हणावयाचा काय? शहराचा पाणीपुरवठा २०१४ साली एका खासगी कंपनीच्या हाती सोपविण्यात आला. लोकांचा रोष वाढला आणि २०१६ साली महापालिकेला तो करार मोडावा लागला. त्यानंतर १६८० कोटी रुपयांची नवी योजना आली आणि काम पुरे होण्याआधीच तिचा खर्च २७०० कोटींच्या पुढे गेला. योजना कागदावर असताना ज्याच्या घरी जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि अंगणात बोअर होता, त्याला आठ दिवसांचा खंड जाणवला नाही. ज्याच्या घरी दोन पिंपे व चार हंडे होते, त्याने टँकरचे पाणी विकत घेतले. गरिबाला लिटरमागे श्रीमंतापेक्षा महाग पाणी पडावे, हा या बाजाराचा नियमच आहे.

२०१६ च्या दुष्काळात तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखाने चालू होते. उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने त्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आधी आणि दारूचे पाणी नंतर, एवढी साधी गोष्ट न्यायालयाने सांगावी लागली, यातच शासनसंस्थेच्या अग्रक्रमाचे निदान झाले.

दुसरी गोष्ट सावलीची व तिच्याशी जोडलेली रात्रीच्या गारव्याची. मराठवाड्याचे जुने घर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे आणि माळवदाचे असे. लाकडी तुळयांवर मातीचा थर असलेले हे छत दिवसाची उष्णता घरात सहजी उतरू देत नसे. गावातून उठून शहरात आलेल्या मजुराच्या वाट्याला आज पत्र्याची खोली येते. पत्रा उन्हाबरोबर तापतो आणि खालच्या माणसाला भाजतो. खिडकी ठेवायला जागा नसते. असली तर डासांमुळे व सुरक्षिततेच्या चिंतेने ती बंद असते. बाहेर झाडे तोडून रस्ते रुंद झाले, खाम नदीचे पात्र आक्रसले, सिमेंट-काँक्रीटने दिवसभर शोषलेले ऊन रात्री परत सोडण्यास आरंभ केला. ज्या शहरात एके काळी रात्री गच्चीवर पांघरूण लागे, तेथे आता मध्यरात्रीही भिंतींना हात लावला तर त्या कोमट लागतात.

यावर मध्यमवर्गाने शोधलेला उपाय वातानुकूलनाचा. हे यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि चालताना स्वतःची उष्णता त्यात घालते. म्हणजे बंद खोलीतील खासगी गारव्याचा खर्च गल्लीतील सार्वजनिक हवेच्या नावे मांडला जातो. लाभ खासगी आणि तोटा सामाजिक, हे भांडवली अर्थव्यवस्थेचे जुनेच सूत्र येथे अंशांत मोजता येते. म्हणून वातानुकूलन वापरणारा प्रत्येक जण दुष्ट ठरत नाही. आजाऱ्याला, वृद्धाला त्याची गरज असते. परंतु शहराने उष्णतेवर शोधलेला एकमेव उपाय तोच असेल, तर ते शहर आपल्या बहुसंख्य नागरिकांना वाऱ्यावर, तेही उष्ण वाऱ्यावर, सोडून देत आहे असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी व सर्वांत कळीची गोष्ट विसाव्याची. बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे नळाची किंवा टँकरची वाट पाहण्यात तिची झोप मोडलेली असते. सकाळी ती मजूर अड्ड्यावर उभी राहते. काम मिळाले तर दुपारी डोक्यावर घमेले आणि पायाखाली तापलेला स्लॅब. आडोशाला जाण्याची सोय नाही म्हणून ती मुद्दाम पाणी कमी पिते. संध्याकाळी घरी येऊन पत्र्याखाली चूल किंवा शेगडी पेटवते. अंग कणकणले म्हणून एक दिवस घरी बसली तर त्या दिवसाचा रोज गेला. तिच्यापुढचा पर्याय ऊन की सावली असा नसतो. तो ऊन की उपास असा असतो. जेथे निवडीचे दोन्ही पर्याय मारकच आहेत, तेथे खबरदारीचा उपदेश ही क्रूर थट्टा होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली अंदाज वर्तविला की, वाढत्या उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारतात एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील; हे नुकसान सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके आहे. दुपारची सुटी दिली तर उत्पादन घटेल, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उत्पादन घटतेच आहे. फक्त त्या तुटीचा भार आज संपूर्णपणे श्रमिकाच्या शरीरावर व रोजावर टाकला जात आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी झाली तेव्हाही उद्योग बुडतील अशीच ओरड झाली होती.

संयुक्त अरब अमिरातीत २००५ सालापासून १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे. तेथे कामगाराला संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य नाही. ज्या देशात ते स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे, तेथील संघटनांनी भरपगारी दुपारच्या विसाव्याचा आग्रह इतकी वर्षे धरला नाही, हे आत्मपरीक्षणाचे कारण आहे.

या महाराष्ट्राला तर अशा लढ्यांची परंपरा आहे. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे भर उन्हात खडी फोडीत होती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा विचार रुजला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचार या गोष्टी हक्क म्हणून मागता येतात, हे श्रमिकांना त्याच चळवळीने शिकविले. बाबा आढाव यांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेने पाणवठ्यावरील जात उघडी पाडली. त्याआधी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाण्यातून माणूसपणाचा हक्क मांडला होता. तहानेचे राजकारण या भूमीला शिकवावे लागत नाही. त्याचे फक्त स्मरण द्यावे लागते.

शासनाची दृष्टी मात्र निराळी आहे. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपत्ती मदत निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. मरणही मोजले जात नाही. उन्हाने कोसळलेल्याच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि ऊन निर्दोष सुटते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर अभ्यासकांनी नेहमीच्या मृत्युसंख्येशी तुलना केली, तेव्हा १३४४ मृत्यू अधिक आढळले. त्यानंतरच, २०१३ साली, त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासकीय पुरस्कार सोहळ्यास आलेल्यांपैकी चौदा जण उन्हाने दगावले. व्यासपीठावर छत होते. श्रोते उघड्यावर होते. या एका चित्रात उन्हाची वाटणी संपूर्ण सामावली आहे.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? पहिले काम मोजणीचे. आपापल्या वस्तीत पत्र्याची घरे किती, नळाला पाणी किती दिवसांनी, उन्हाळ्यात किती माणसे आजारी पडली वा दगावली, यांची वही ठेवावी. महापालिकेपुढे भावना घेऊन जाणाऱ्याला आश्वासन मिळते. वही घेऊन जाणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. दुसरे, पत्र्यांना व गच्च्यांना चुन्याचा पांढरा हात देण्याचे काम वस्तीच्या श्रमदानातून आणि महापालिकेच्या खर्चातून व्हावे. चुना स्वस्त आहे आणि खोलीचे तापमान तो काही अंशांनी उतरवतो. तिसरे, प्रत्येक मजूर अड्ड्यावर, हातगाड्यांच्या बाजारात आणि रिक्षातळावर सावली, पाणी व स्वच्छतागृह, विशेषतः स्त्रियांसाठी, ही मागणी घेऊन वॉर्डावॉर्डात उभे राहावे. दानशूरांच्या पाणपोया चांगल्याच. परंतु दानाने तहान भागते, हक्क प्रस्थापित होत नाही. चौथे, बांधकामावरील उपकरातून जमणाऱ्या कल्याण निधीतून, उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी काम थांबल्यास रोज भरून मिळावा. निधी कामगाराच्या नावाने जमतो. तो त्याच्या जिवाच्या कामी यावा, यात अवाजवी काय आहे? आणि पाचवे, पाण्याचा अग्रक्रम : प्रथम पिण्यासाठी, मग शेतीसाठी, नंतर इतरांसाठी.

या मागण्यांपैकी एकही क्रांतिकारक नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु दुपारी बारा वाजता घमेले खाली ठेवून रोज न गमावता सावलीत बसण्याचा हक्क एका मजूर स्त्रीला मिळाला, तर तिच्या शरीरावरची मालकी थोडीशी तिच्याकडे परत येते. समाजवादाचा आरंभ याहून वेगळ्या ठिकाणी होत नसतो. येत्या उन्हाळ्याआधी निदान एका वॉर्डात, एका अड्ड्यावर हे घडवून आणावे. सूर्यावर कोणाची सत्ता चालत नाही. सावलीवर मात्र चालते, आणि ती कोणाची चालावी हे ठरविण्याचे काम आपले आहे.