शिट्टी कुणाच्या हातात?

(हमरापूर येथे बचत गटातील महिलांसमोर केलेले भाषण)



तुमच्यापैकी बऱ्याच जणी कारखान्यातून थेट इथे आल्या आहेत. हातावरचा रंगही निघालेला नाही, म्हणून लांबण लावत नाही. विषय फुटबॉलचा आहे म्हटल्यावर मागे कुणीतरी हसलं. हसा! समाजकार्याची पदवी घेताना मलाही कुणी ऑफसाइड शिकवला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मुलींचा खेळ सुरू केला तेव्हा तुम्ही विचारलंत, रायगडात कबड्डी असताना हे कशाला? कबड्डीत मुलगे आधीच तयार असतात. फुटबॉल मुलग्यांनाही नवा, म्हणून दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून. मुली आल्या, पळू लागल्या, आम्ही खूश झालो. शिकवणारा पुरुष, पंचही पुरुष, याकडे मात्र आमचं लक्षच नव्हतं.

मग एका स्पर्धेला गेलो. मुलींचा सामना सर्वांत शेवटी. मुलग्यांचे सामने लांबले, ऊन उतरलं, आणि खेळ चालू असतानाच पंचांनी वेळ कमी केली. वर म्हणाले, "पोरींना एवढं पुरे." आमच्या मुली एका गोलने मागे होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी गप्प बसले, कारण मला नियमच माहीत नव्हता.

घरी येऊन नियम वाचले. लहान मुलांच्या सामन्यात वेळ कमी ठेवता येते, मैदान लहान करता येतं, चेंडूही लहान घेता येतो. पण वेळेचा बदल खेळ सुरू होण्याआधी ठरायला हवा. मध्येच पंचाच्या मनात आलं म्हणून नाही. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी माहीत असतं तर!

तुम्हीच मला सांगितलं होतं, मूर्ती घासायला बाई, रंग द्यायला बाई, पण डोळ्यांची आखणी आली की कारागिराला हाक. ज्या बायका आज आखणी करतात, त्यांनी ती बघून बघून, हट्टाने शिकून घेतली. शिट्टीचंही तसंच आहे.

गोव्याच्या मारिया रिबेलो आधी भारताच्या संघात खेळल्या, मग पंच झाल्या. पुरुषांच्या आय-लीगमध्ये पंच म्हणून उतरलेल्या त्या पहिल्या बाई. गोव्याच्याच युवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनला मुलींच्या विश्वचषकात सहाय्यक पंच होत्या. २०२२ साली कतारमध्ये पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी आणि कोस्टारिका यांच्या सामन्यात मुख्य पंच आणि दोन्ही सहाय्यक पंच, तिघीही बायका होत्या. बावीस पुरुष त्यांची शिट्टी ऐकून थांबत होते!

आता जरा कडू बोलते. त्याच २०२२ साली आपल्या देशाचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर होता. गैरवर्तनाच्या आरोपावरून सहाय्यक प्रशिक्षकाला परत बोलावून कामावरून काढावं लागलं. संघात कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं हे ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध चौदा वर्षांची पोर कशी बोलणार? म्हणून हे नीट ऐका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागासुद्धा कामाची जागा धरली आहे. छोट्या मंडळात तक्रार समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ चा पोक्सो लागतो. तिथे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. "घरातल्या घरात मिटवू" हे चालत नाही.

सगळे प्रशिक्षक वाईट असतात असं मी म्हणत नाही. आमचे सर चांगले आहेत, स्वखर्चाने येतात. पण मुलीची पाळी आली, कपडा खराब झाला, तर ती सरांना सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून येणंच बंद करते. अशा तीन जणी आम्ही गमावल्या.

म्हणून आजची मागणी साधी आहे. गावातल्या दोन बायकांनी प्रशिक्षणाला जायचं. एकीने शिकवायला शिकायचं, एकीने पंचाची परीक्षा द्यायची. लग्न, मूल काही आड येत नाही. धावायची तयारी हवी, आणि मैदानाबाहेरून पुरुष ओरडले तरी निर्णय न बदलण्याची.

अडचणी मला दिसतात. गणपतीच्या आधीचे तीन महिने कुणाला डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि काम नगावर, म्हणजे सुट्टी घेतली की पैसे गेले. तेव्हा प्रशिक्षण दिवाळीनंतरचं बघू. जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी गटाने भरायची का, आणि तिच्या घरी संध्याकाळची भाकरी कोण थापणार, हे मात्र आपण आत्ताच, इथेच ठरवू. वही शेवंताबाईंकडे नाही, माझ्याकडे आहे. नावं सांगा.