भो, प्लेट मेली नाही, बॅटरी मेली
(नशिराबादच्या बैठकीतलं बोलणं)



सातपुड्यातून उतरून तुम्ही इथवर आलात. दाव्यांच्या कागदांचं बोलूच, आधी दिव्याचं बोलू. यावल, चोपडा, रावेरच्या वरच्या पाड्यांत दिवा बंद पडला की आपण म्हणतो, सोलर मेलं. मग भंगारवाला येतो आन् चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या भावात प्लेट घेऊन जातो. पाड्यात अंधार झाला की "खाली राहायला चला" म्हणणाऱ्यांना जोर येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पण भो, मेलं कोण? ॲसिडची बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपतेच. प्लेट वीस-पंचवीस वर्षं चालते.

तपासायचं कसं? भर दुपारी प्लेट पुसून उन्हात ठेवा, वायरी सोडवा, मीटर डीसी व्होल्टवर लावा. 36 चौकोनांची प्लेट 18 ते 21 व्होल्ट दाखवते. तेवढे दिसले तर बहुतेक दोष बॅटरीत, नाहीतर गंजलेल्या जोडात. निम्मेच दिसले तर प्लेटमागची काळी डबी उघडा. आत डायोड असतो, थोड्या पैशात मिळतो. जळालेला काढा, पुन्हा मोजा. व्होल्ट परत आले तर तसलाच नवा डाका.

काच फुटली तर ती बदलता येत नाही, चौकोन तिलाच चिकटलेले असतात. पाणी आत जाईपर्यंत अशी प्लेट एक दिवा, एक मोबाईल चालवते. गवताच्या छपरावर मात्र ठेवू नका, तापून आग लागते. पंपाच्या प्लेटा एकीला एक जोडलेल्या असतात, शेकडो व्होल्ट. तिथं हात घालायचा नाही. तुटकी प्लेट जाळायची नाही, डागात शिसं असतं. गावात एका जागी जमा करा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटही आहे.

हे आपल्याला जमणार नाही, असं कोण म्हणतं? धडगाव तालुक्यातल्या बिलगावात 2003 साली आदिवासींनी श्रमदान करून उदई नदीवर 15 किलोवॅटची वीज केली. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यानं ती बुडाली. बुडवली धरणानं, बिघडली नव्हती.

वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये विजेच्या तारा आहेत, अपारंपरिक ऊर्जाही आहे. ग्रामसभेची शिफारस लागते. तो ठराव घ्या, त्याच बैठकीत दोन पोरी, दोन पोरं निवडा आन् ग्रामकोषातून एक मीटर घ्या. एक मीटर आज इथं आणलंय. जेवण झालं की ज्यांनी प्लेटा आणल्यात त्यांनी अंगणात मांडाव्या, ऊन कलायच्या आत.