‘पुढं?’ न विचारणारी मैत्रीण

(एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातले पहिले पदवीधर तुम्हीच आहात. माझ्याही घरात तसंच आहे. म्हणून सल्ला देण्याआधी माझा पहिला दिवस सांगते.

परभणी जिल्ह्यातून मी एम.ए.साठी तमिळनाडूत, तंजावरला गेले. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. रेल्वेत झोप लागली नाही. तमिळ येत नव्हतं, पण धास्ती त्याची नव्हती, आडनावाची होती. आपल्याकडे नुसतं नाव सांगून भागत नाही. समोरचा विचारतो, ‘पुढं?’ शाळेपासून मी त्या ‘पुढं’ला भीत आले.

तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला त्यांचा मोठा मराठी शिलालेख आहे. मराठी बोलणारी घराणी आजही तिथं आहेत. प्रवेशाच्या रांगेत एका बाईंचं मराठी कानावर पडलं आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी बोलायला गेले. त्यांचा दुसराच प्रश्न होता, ‘आडनाव काय?’ मी सांगितलं. त्या हसल्या आणि निघून गेल्या. घाईतही असतील. पण अशा वेळी खरं कारण कळत नाही आणि मन दिवसभर तेच उकरत बसतं.

वर्गात हजेरी सुरू झाली. वडिलांच्या नावाचं एक अक्षर आणि आपलं नाव, बस्स. कुणालाच आडनाव नाही! यामागे पेरियारांची चळवळ आहे. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची प्रांतिक परिषद झाली, तिथं नावामागची जातीची बिरुदं टाकून द्यायचा ठराव झाला. मला वाटलं, सुटले.

चार दिवसांनी शेजारच्या बाकावरच्या मुलीला कुणीतरी विचारलं, ‘गाव कुठलं?’ ती म्हणाली, ‘पापनाशम.’ लगेच पुढचा प्रश्न आला, ‘पापनाशममध्ये कुठली गल्ली?’ तिनं मान खाली घालून वही उघडली. ती खाली गेलेली मान मी ओळखली, कारण ती माझीच होती. आडनाव गेलं होतं, ‘पुढं?’ गेलं नव्हतं.

दुपारी मी डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून कुणाजवळ बसले. तिच्याकडे चिंचेचा भात होता, माझ्याकडे उरलेली चटणी. दोघींचं इंग्रजी मोडकंच होतं. तिनं मला काहीच विचारलं नाही, चटणी तेवढी पुन्हा मागितली.

रविवारी ती मला घरी घेऊन गेली. तंजावरहून कुंभकोणमच्या गाडीनं पापनाशम जवळच आहे. दोन्हीकडे कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. आत पाऊल टाकलं तर भिंतीवर निळ्या कोटातले बाबासाहेब. मी ‘जय भीम’ म्हणाले. तिची आई म्हणाली, ‘साप्टिया?’ म्हणजे जेवलीस का? माझी आई कापूस वेचते, तिची आई भाताची लावणी करते. दुभाषा लागला नाही.

मित्रांनो, पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो तो तुमच्या कमीपणामुळे नाही. ज्यांचे आईवडील कॉलेजात शिकले, त्यांना क्रेडिट म्हणजे काय, गाइड कसा निवडायचा, हे घरीच कळतं. आपल्याला विचारायला घरात कुणी नसतं. म्हणून आपल्याला मैत्री ही करमणुकीपुरती नसते. ‘मला हे समजलं नाही’ असं न लाजता म्हणता येईल, असं एक माणूस लागतंच.

ते माणूस आपल्याच जातीतलं असावं असंही नाही. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर राहणारे नवल भथेना पारशी होते. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पैशाची मदत करणाऱ्यांत शाहू महाराजांबरोबर हा मित्रही होता.

तुम्हालाही कुणी आडनाव विचारेल, कुणी ‘कट-ऑफ किती होता?’ म्हणेल. सांगायचं तर ताठ मानेनं सांगा. नसेल सांगायचं तर नका सांगू, उत्तर देणं बंधनकारक नाही. त्रास झाला तर एकट्यानं सोसू नका. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर १८०० १८० ५५२२ मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

आणि उद्या वर्गात गेल्यावर मान खाली घालून वही उघडणारं कुणी दिसलं, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. ‘पुढं?’ विचारू नका. ‘जेवलास का?’ एवढंच विचारा.

जय भीम.