मागें वळून पाहणें

(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आज या मंडपांत कित्येक घरच्या जागा रिकाम्या आहेत. त्या घरचीं मुलें समुद्रापलीकडे असून तेथूनच त्यांचें चित्त या उत्सवाकडे लागलें आहे. म्हणून मायभूमि सोडून गेलेल्या मनुष्याविषयीं दोन शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे. लोटाच्या बायकोनें मागें पाहिलें व ती मिठाचा खांब झाली, हें आपण लहानपणींच ऐकलें. परंतु मागें पाहणें सर्वांसच सारखें नसतें. दक्षिण आफ्रिकेचेंच उदाहरण घेऊं.

त्या देशांत सन १९५० मध्यें दोन कायदे झाले. एकानें प्रत्येक मनुष्याचा वर्ण सरकारी दप्तरीं नोंदिला. दुसऱ्यानें कोणत्या वर्णानें कोठें राहावें हें ठरविलें. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही नाना वर्णांची वस्ती सन १९६६ मध्यें केवळ गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली, आणि पुढें ६०,००० हून अधिक माणसें तेथून उठवून शहराबाहेरील रेताड सपाटीवर नेण्यांत आलीं. घरें पाडलीं, देवळें व मशिदी तेवढ्या राहिल्या. कांहीं देवळांत तर हे उठविलेले लोक रविवारीं दुरून येऊन उपासना करीत. घर गेलें, शेजार गेला, देऊळ मात्र जागच्या जागीं! तेथें गुडघे टेकणाऱ्याच्या मनांत काय येत असेल, तें ज्याचें त्यानें ताडावें.

देश सोडून जाणाऱ्यांतही भेद होता. गोरा मनुष्य बहुधा पासपोर्ट घेऊन जाई, व वाटेल तेव्हां परत येई. ज्यांस पासपोर्ट नाकारला जाई, त्यांतील कित्येकांस केवळ जाण्याचा परवाना मिळे, परतण्याचा नव्हे. पीटरमॅरिट्सबर्ग येथें एका कॅथलिक घरीं वाढलेली लेखिका बेसी हेड सन १९६४ मध्यें असाच परवाना घेऊन, लहान मुलासह, आज ज्यास बोत्स्वाना म्हणतात त्या देशीं गेली. तेथील नागरिकत्व मिळण्यास सन १९७९ उजाडलें. सन १९८६ मध्यें ती तेथेंच वारली. सर्व वर्णांच्या लोकांनीं मत दिलें ती निवडणूक सन १९९४ ची.

आतां आपल्या धर्मसभेविषयीं. ज्युबिलीच्या दिवशीं नुसती स्तुतीच ऐकावी हें आम्हांस रुचत नाहीं. तेथील कॅथलिक बिशपांनीं सन १९५७ मध्यें वर्णभेद मुळांतच दुष्ट होय असें जाहीर केलें, आणि आपल्याच शाळा, सेमिनरी, मठ व इस्पितळें यांत तो चालतो हेंही त्याच पत्रकांत कबूल केलें. तरी त्यांच्या शाळांचीं दारें उघडूं लागण्यास आणखी सुमारें वीस वर्षें लागलीं. आपण त्यांस हसूं नये. तामिळ मुलखांत वडक्कन्कुळम येथील आपल्याच देवळांत जातीजातींमध्यें भिंत होती. ती सन १९१० मध्यें पडली.

डिस्ट्रिक्ट सिक्सच्या एका जुन्या मेथडिस्ट देवळांत सन १९९४ पासून संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला असून जुन्या रहिवाशांनीं आपआपल्या घराच्या जागीं स्वहस्तें नांवें लिहिलीं आहेत.

या पुस्तिकेचीं शेवटचीं दोन पानें कोरीं ठेवण्यास आम्हीं सांगितलें आहे. येथून जीं कुटुंबें गेलीं त्यांचीं नांवें, त्यांचें घर कोठें होतें तें, व देवळांत तीं कोणत्या बांकावर बसत, हें वडील मंडळींनीं तेथें लिहावें. मागल्या बांकावर ज्यांस बसविलें जाई, त्यांचीं आधीं लिहावीं.