मास्कखालची कातडी
(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांहून जरा वेगळा आहे. मास्कमुळे चेहऱ्याच्या त्वचेला होणारा त्रास आणि त्यावरचे उपाय. कोविडची साथ ओसरली, मग आता हे कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्यातले बरेच जण इस्पितळात किंवा प्रयोगशाळेत काम करतात. शिवाय जून २०२३मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर आला आणि जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसचा परिसर पेटला, तेव्हा घरोघरी एन-९५ पुन्हा बाहेर निघाले. एक खुलासा आधीच करतो. मी पीएच.डी.वाला डॉक्टर आहे, औषध लिहून देणारा नव्हे. तेव्हा हे सामान्य ज्ञान समजा, प्रिस्क्रिप्शन नव्हे.

हा त्रास २०२०मध्ये जन्मला नाही. २००३च्या सार्स साथीनंतर सिंगापूरमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. एन-९५ वापरणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांनी पुळ्या, खाज किंवा पुरळ यांची तक्रार केली होती. २०२०मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात ५४२ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ९७ टक्के लोकांना त्वचेची काही ना काही इजा झालेली दिसली. त्यात सर्वांत जास्त सोसले ते नाकाच्या दांड्याने. अर्थात तिथे संरक्षक साधने तासन् तास अंगावर होती, हे विसरू नये.

मास्कविरोधी मंडळींनी असे आकडे हत्यारासारखे वापरले. त्याला उत्तर म्हणून मास्कच्या बाजूचे आपण लोक कधी कधी त्रासच नाकारू लागलो. 'एवढ्या पुळ्यांचे काय कौतुक?' हेही अवैज्ञानिकच. खाज सुटली की हात मास्कखाली जातो, मास्क सैल होतो आणि ज्यासाठी तो लावला तेच संरक्षण जाते. म्हणून कातडीची काळजी हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

आता कारणे पाहू. पहिले, घर्षण आणि दाब. त्याने नाक, गाल आणि कानामागची कातडी सोलवटते. दुसरे, ओलावा. श्वासाच्या वाफेने आणि घामाने त्वचेचा वरचा थर भिजून कमकुवत होतो, तेलग्रंथींची तोंडे बुजतात आणि मुरूम येतात. तिसरे, ॲलर्जी. काही मास्कमधील फॉर्माल्डिहाइड किंवा कानाच्या पट्ट्यांच्या रबरातली थायुराम रसायने काहींना सोसत नाहीत. आपल्याकडे टिकलीच्या डिंकामुळे कपाळावर खाज येते, कधी पांढरा डागही पडतो, हे ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

प्रतिबंध सोपा आणि स्वस्त आहे. मास्कचे माप बरोबर असावे. चेहरा दिवसातून दोनदा, सुगंध नसलेल्या सौम्य क्लीन्झरने धुवावा, घासू नये. मास्क लावण्याच्या अर्धा तास आधी साधे मॉइश्चरायझर लावावे. मास्कखाली मेकअप टाळावा. कापडी मास्क वापरल्यानंतर दर वेळी धुवावा. भिजलेला मास्क बदलावा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचा सल्ला आहे की दर चार तासांनी पंधरा मिनिटे मास्क काढावा, अर्थात सुरक्षित जागी. एन-९५ वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. कडेला व्हॅसलिन थापू नये, मास्क घसरतो. नाकावर पट्टी लावायची असेल तर ती लावून फिट-टेस्ट पुन्हा करून घ्यावी.

त्रास झालाच तर आधी तो कोणता ते ओळखावे. मुरूम असतील तर कमी टक्क्यांचे बेन्झॉइल पेरॉक्साइड चालते, मात्र ते कापडाचा रंग उडवते. अडापलीन जेल अमेरिकेत २०१६पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ते रात्री आणि सुरुवातीला एकाआड एक दिवस लावावे. नुसती कोरडी, लाल, चुरचुरणारी त्वचा असेल तर ही औषधे आगीत तेल ओततात. तिथे साधे मलम आणि विश्रांती पुरते. मास्कच्याच आकाराचे खाजरे चट्टे उठले, तर मास्कचा प्रकार बदलून पाहावा आणि तरीही थांबले नाही तर पॅच टेस्ट करून घ्यावी. लिंबू, टूथपेस्ट आणि आजीचे उटणे सोललेल्या कातडीपासून दूर ठेवावे.

आता आपल्या सावळ्या कातडीविषयी. गोऱ्या त्वचेवर दाह लाल दिसतो. आपल्या त्वचेवर तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि डॉक्टरच्या नजरेतून सुटू शकतो. वैद्यकीय पुस्तकांतली चित्रे बहुतांशी गोऱ्यांचीच. म्हणूनच लंडनच्या सेंट जॉर्जेसमधला विद्यार्थी मलोन मुक्वेंडे याने २०२०मध्ये सहकाऱ्यांसोबत 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली. तेव्हा 'लाल नाही म्हणजे काही नाही' असे डॉक्टर म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारा.

दाह गेल्यावर आपल्याकडे काळे डाग महिनोन् महिने राहतात, आणि खरा धोका इथून सुरू होतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्याला आपण एखादी ट्यूब आणायला सांगतो. त्यांतल्या कित्येकांत कडक स्टिरॉईड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, पुळ्या वाढतात आणि थांबवले की भडका उडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे याविरुद्ध बोलत आले आहेत. २०१८मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यावर बंधनही आणले. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये तर पारा सापडला आहे. या डागांवर पहिला उपाय म्हणजे उन्हापासून संरक्षण, आणि दुसरा धीर. डाग नको म्हणता म्हणता गोरेपणाच्या बाजारात आपण कधी शिरतो, याचा विचार आपल्यासारख्या मंचाने करायला हवा.

शेवटचा मुद्दा. पंधरा मिनिटांची विश्रांती कागदावर सोपी आहे. ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्याला ती मागावीही लागत नाही. नर्स, सफाई कामगार, गोदामातला हमाल यांना ती कोण देणार? आपल्यातले अनेक जण आज व्यवस्थापक आहेत, कामाचे वेळापत्रक ठरवतात. तुमच्या विभागात मास्क सक्तीचा असेल, तर योग्य मापाचे मास्क आणि ही विश्रांतीही वेळापत्रकात लिहा. त्याला संशोधनाची गरज नाही.

आता तुमचे प्रश्न.